चार, बत्तीस, दोनशे पंचावन्न

टॉर्च आपण नेहमी उजेडात विकत घेतो. दुकानात डोक्यावर दोन ट्यूब पेटलेल्या असतात, बाहेर कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीतलं दुपारचं ऊन असतं, आणि दुकानदार समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर झोत मारून दाखवतो. "बघा, कुठवर जातोय!" आपणही मान डोलावतो. अशा ठिकाणी टॉर्चचा एकच गुण पारखता येतो, जास्तीत जास्त किती. कमीत कमी किती, हे तिथं कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी दाखवता येत नाही. ट्यूबखाली बारीक उजेड दिसणार कुठून?

त्यामुळं खोक्यांवरचे लुमेनचे, म्हणजे उजेडाच्या मापाचे, आकडे फुगतच चाललेत. एका मेणबत्तीचा उजेड साधारण बारा लुमेन भरतो. मुठीत मावणाऱ्या, एका सेलवर चालणाऱ्या टॉर्चच्या खोक्यावर दहा हजार छापलेलं दिसलं तर हसावं आणि पुढच्या दुकानात जावं. पण माझं भांडण त्या खोट्या आकड्याशी नाही. खरा आकडा छापला तरी तो अख्ख्या रात्रीत पाच मिनिटं लागणारा आकडा आहे. बाकीची रात्र माणूस खालच्या उजेडात काढतो, आणि तो खालचा उजेड कुणीतरी कुठंतरी फारसा विचार न करता ठरवून टाकलेला असतो.

तो आपल्याला बदलता येतो. मला तो बदलावा लागला तात्यांमुळं.

तात्या म्हणजे माझे चुलते. राधानगरी तालुक्यात भोगावतीच्या काठाला त्यांचा ऊस आहे. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. रात्रीची असली की जेवण उरकून, खोरं खांद्यावर टाकून तात्या मळ्याकडं निघतात. मोटार चालू करायची, पाणी कुठल्या सरीला लावलंय ते बघायचं, सरी भरली की दारं मोडून पुढच्या सरीला वळवायचं, मधेच पाणी फुटलं तर चिखलात उतरून माती ओढायची. उसात घोणस असते. वरच्या अंगाला जंगल आहे, तिकडनं गवे उतरतात. दाजीपूरचं अभयारण्य १९५८ साली गव्यांसाठीच राखलं, पण त्याची हद्द गव्यांना कुणी समजावून सांगितलेली नाही.

तात्यांकडं पूर्वी एव्हरेडीची जीवनसाथी होती. पिवळसर उजेड, एकच बटण, मागेपुढे सरकवायचं. सेल उतरतील तसा उजेड आपोआप उतरायचा. ती काही कुणी मुद्दाम केलेली सोय नव्हती, पण किती सेल उरलाय ते डोळ्यांनाच कळायचं. मग दादानं, म्हणजे तात्यांच्या मुलानं, त्यांना एलईडीचा टॉर्च आणून दिला. गावाकडं टॉर्चला बॅटरीच म्हणतात, तेव्हा तात्यांची तक्रार मला फोनवर आली ती अशी: "पोरी, ही बॅटरी एकदा दाबली की डोळं दिपत्यात. दुसऱ्यांदा दाबली तरी तसंच. तिसऱ्यांदा जरा कमी. चौथ्यांदा नाचाय लागतीया. आन् पाचव्यांदा काय करतीया ते तर मला कळंनाच."

पाचव्यांदा ती एसओएस देते, बुडत्या जहाजाची मदतीची हाक. तीन आखूड, तीन लांब, तीन आखूड. राधानगरीच्या उसात जहाज बुडायची शक्यता तशी कमीच. चौथा तो स्ट्रोब, सेकंदाला दहा-बारा वेळा लुकलुकणारा. हल्लेखोराला गोंधळात टाकायला म्हणून तो देतात असं सांगतात. चिखलात एक पाय रुतलेल्या, हातात खोरं धरलेल्या माणसाला स्वतःच्याच टॉर्चनं गोंधळात टाकायची ती उत्तम सोय आहे. उजेड बारीक करायचा तर हे सगळं ओलांडून परत यायचं, म्हणजे अंधारात एवढा वेळ सांभाळलेली नजर त्या लुकलुकीत घालवायची.

माझं रोजचं काम उद्यमनगरात, पंपांच्या कंट्रोल पॅनेलचं. तिथली एक सवय अंगात मुरलेली आहे. वस्तू हातात आली की आधी उघडायची. कोल्हापूरला ती खोड जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ साली विष्णुपंत दामल्यांच्या साथीनं सिनेमाचा देशी कॅमेरा तयार केला तो लेथवर एकेक भाग घडवत. उद्यमनगरात आजही कुणी 'हे उघडत नाही, नवीन घ्या' म्हणालं तर बाकीचे त्याच्याकडं जरा संशयानंच बघतात. तात्यांना म्हटलं, पाठवून द्या. एसटीनं येणाऱ्या एका पाहुण्याबरोबर टॉर्च आला.

डोकं फिरवून काढलं की आत धातूची एक कुपी असते. तिच्या एका तोंडाला एलईडी आणि दुसऱ्या तोंडाला सतरा मिलिमीटर व्यासाचा गोल बोर्ड, रुपयाच्या नाण्याहून लहान. हाच ड्रायव्हर, एलईडीला किती करंट द्यायचा ते सांभाळणारा. या बोर्डावर ७१३५ नावाच्या आठ बारक्या चिप होत्या. प्रत्येक चिप ३५० मिलिअँपिअर करंट सोडते, कमी नाही, जास्त नाही. आठ मिळून २.८ अँपिअर. त्यांच्यात बसलेली आठ पायांची एक काळी चिप, एटीटायनी १३ए. या आठ जणींना कधी जागं करायचं आणि कधी झोपवायचं, ते ही ठरवते. प्रोग्रॅम साठवायची तिची जागा १,०२४ बाइट. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह साठवायला संगणकाला तीन बाइट लागतात, म्हणजे तुम्ही आत्ता वाचताय तो हा एक परिच्छेदसुद्धा तिच्यात मावणार नाही. एवढ्या जागेत टॉर्चचं सगळं वागणं लिहिलेलं असतं. पहिल्या दाबाला काय, दुसऱ्या दाबाला काय, सेल संपत आला की काय.

ते वागणं बदलायला फार सामान लागत नाही. चिपच्या आठही पायांना वरून चावा घेणारी एक क्लिप, यूएसबीएएसपी नावाचा एक स्वस्तातला प्रोग्रॅमर, मधे सहा वायरी, आणि लॅपटॉपवर एव्हीआरड्यूड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम. क्लिप नीट बसली की चिप आपली सही सांगते, १ई ९० ०७. ती सही पडद्यावर उमटेपर्यंत श्वास रोखलेला असतो, कारण क्लिप केसभर जरी सरकली तरी ती मुकी. सोपं कामही तिथंच अडतं. बाकी सगळं सी भाषेतल्या चार ओळी बदलण्याइतकं.

एक मात्र आहे. कारखान्यातून आलेल्या चिपला बहुधा कुलूप असतं. आतलं वाचून ठेवता येत नाही, फक्त पुसता येतं. म्हणजे एकदा नवं लिहिलं की जुना टॉर्च परत मिळत नाही. मी तात्यांना विचारलं, "पुसू का? परत आणता येणार नाही." ते म्हणाले, "त्यात ठेवण्यासारखं काय हाय?"

आता काय लिहायचं हा प्रश्न. यंत्राला आकडा लागतो, शून्यापासून २५५ पर्यंत. शून्य म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. तात्यांना विचारलं तर ते आकड्यात बोलत नाहीत. "तिनाच्या वर नको. एक हातातली, एक पायाखालची, एक लांबची. आन् पयल्यांदा हातातलीच लागली पायजे."

हातातली म्हणजे किती? पहिल्यांदा वाटतं, सरळ भागाकार करावा. पूर्ण, निम्मा, पाव. मूळच्या टॉर्चमध्ये बहुतेक असंच काहीसं केलेलं असणार, कारण तात्यांना पहिल्या आणि दुसऱ्या पायरीत फरकच दिसत नव्हता. त्यात तात्यांच्या डोळ्यांचा काही दोष नाही. माणसाचा डोळा उजेडाची वजाबाकी करत नाही, भागाकार करतो. दहा हजार पगारावर हजार वाढले की घरात पेढे येतात, लाखावर हजार वाढले तर स्लिप बघेपर्यंत कळत नाही, तसं. फेश्नर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८६० मध्येच याचं सूत्र मांडलं होतं. पुढं १९५७ मध्ये हार्वर्डच्या एस. एस. स्टीव्हन्सनं ते दुरुस्त करून घातांकाचा नियम सांगितला. अंधारात बघितलेल्या उजेडासाठी तो घातांक साधारण एक तृतीयांश. साध्या भाषेत, उजेड डोळ्याला दुप्पट वाटायला हवा असेल तर प्रत्यक्षात आठपट लागतो.

हे एकदा डोक्यात शिरलं की आकडे आपोआप पडत जातात. २५५ चा आठवा भाग ३२. बत्तिसाचा आठवा भाग ४. चार, बत्तीस, दोनशे पंचावन्न. कागदावर बघितलं तर विचित्र पायऱ्या, डोळ्याला मात्र सारख्या. वरची पायरी मधलीच्या दुप्पट वाटते, मधली खालचीच्या दुप्पट.

आणि याची दुसरी बाजू मला जास्त आवडते. तीन हजार मिलिअँपिअर-तासाचा सेल २.८ अँपिअरवर तासाभरात संपतो. बत्तिसावर सरासरी करंट होतो ३५० मिलिअँपिअर, म्हणजे तोच सेल साडेआठ तास चालतो, तात्यांची अख्खी पाळी. डोळ्याला निम्माच वाटणारा उजेड, पण आठपट टिकणारा. चारावर गेलात तर हिशेबानं साठ-सत्तर तास. खोक्यावर खरं तर हे छापायला पाहिजे. पण दुपारच्या उन्हात ते दाखवायचं कसं?

हा हिशेब कागदावरचा आहे, हेही सांगायला हवं. चिप करंट कमी करत नाही, तो तोडून तोडून सोडते. सेकंदाला सुमारे १८,७५० वेळा चालू-बंद, आणि प्रत्येक वेळी किती वेळ चालू ठेवायचं ते आपला आकडा ठरवतो. यालाच पीडब्ल्यूएम म्हणतात. चार या आकड्याला एकेक ठिणगी सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाएवढी होते. तेवढ्यात ७१३५ पुरती जागीच होत नाही, त्यामुळं खाली गेल्यावर उजेड हिशेबापेक्षाही कमी पडतो, आणि काही बोर्डांवर तर पडतच नाही. शिवाय एलईडीला पूर्ण करंटाचे तुकडे पाजण्यापेक्षा थोडा करंट सलग पाजला तर त्याच विजेत तो जास्त उजेड देतो. म्हणून चांगल्या बोर्डांवर एक ७१३५ वेगळी, एकटी ठेवलेली असते, फक्त खालच्या उजेडासाठी. तात्यांच्या बोर्डावर तसं नव्हतं. जे होतं त्यात भागवायचं होतं.

स्वस्त टॉर्चमध्ये हे तोडणं फार सावकाश चालतं, सेकंदाला शंभर-दोनशे वेळा. साध्या नजरेला ते कळत नाही. पण राधानगरीच्या पावसात असा टॉर्च बारीक करून समोर धरा. पावसाची प्रत्येक धार तुटक दिसते, एकाखाली एक ओवलेले मणी. झोतात हात हलवला की बोटं दोनाची पाच होतात. बघायला गंमत वाटते, पण तासभर त्या उजेडात खोरं मारलं की डोकं चढतं. अठरा हजारांवर धार परत सलग होते.

या सगळ्या प्रकारात मला सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट मात्र उजेडाची नाही, विसरण्याची आहे. तात्यांच्या टॉर्चचं बटण शेपटाला. ते अर्धं दाबलं की सेलची वीजच तुटते, आणि सोडलं की परत येते. म्हणजे दर दाबाला चिप बेशुद्ध पडून नव्यानं शुद्धीवर येते. तिला कसं कळावं की मधे पाव सेकंद गेला की अख्खा दिवस? पाव सेकंद असेल तर पुढच्या पायरीवर जायचंय, दिवस असेल तर पहिल्या पायरीपासून सुरू करायचंय. तिच्याजवळ घड्याळ नाही. यावर प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी काढलेली युक्ती अशी की चिपच्या तात्पुरत्या स्मृतीतले दोन-चार बाइट मुद्दाम न पुसता ठेवायचे आणि त्यात एक ठरावीक खूण लिहायची. वीज गेल्यावर बोर्डावरच्या कपॅसिटरमधल्या उरल्यासुरल्या विजेवर ती खूण क्षणभर तग धरते, मग विस्कटते. शुद्धीवर आल्या आल्या चिप बघते. खूण शाबूत असेल तर नुकतंच दाबलंय, विस्कटली असेल तर बराच वेळ झालाय. किती विसरले त्यावरून किती वेळ गेला ते ओळखायचं. थंडीत खूण जरा जास्त टिकते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे टॉर्च थोडा जास्त वेळ सगळं लक्षात ठेवतो.

ही युक्ती माझी नाही, हे ओघानंच आलं. जगभरातल्या हौशी लोकांनी टॉर्चचे असे प्रोग्रॅम लिहून सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. त्यातला सगळ्यात नावाजलेला अँड्युरिल. टॉयकीपर या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमर बाईंनी तो लिहिला. त्यात उजेडाच्या दीडशे पायऱ्या असतात, इतक्या बारीक की बटण दाबून धरलं की उजेड सलग चढत जातो. आणि त्यात तळ कुठं, माथा कुठं, हे क्लिप न लावता बटणानंच ठरवता येतं. ज्यांना सोल्डरचा वास सोसत नाही त्यांनी तसा टॉर्च घ्यावा. तात्यांना मात्र दीडशे पायऱ्या सांगितल्या असत्या तर त्यांनी परत जीवनसाथी शोधायला घेतली असती.

आकडे घालून टॉर्च मी गावाकडं स्वतः घेऊन गेले, लॅपटॉप आणि क्लिपसकट. मोटारीच्या खोपटात, स्टार्टरच्या पेटीसमोर तात्या उभे. पूर्ण अंधार. त्यांनी टॉर्च लावला, चारावर. मला वाटलं होतं, ते म्हणतील फारच बारीक. ते काहीच म्हणाले नाहीत. पेटीजवळ वाकले आणि अँपिअरमीटरचा काटा बघितला. मग मला म्हणाले, "ये, बघ." मोठ्या झोतात मीटरच्या काचेवर नुसता चमकारा उठायचा आणि काटा शोधायला टॉर्च तिरका धरून मान वाकडी करावी लागायची. या उजेडात काचेवर काही नव्हतं. काटा स्वच्छ दिसत होता, मागचे आकडे दिसत होते, एका कोपऱ्यातलं कोळ्याचं जाळंसुद्धा. मी पॅनेलच्या कामात इतकी वर्षं आहे, पण मीटर वाचायला उजेड कमी लागतो हे मला तात्यांनी दाखवलं.

मग सरीत. बत्तिसावर ते पन्नासेक पावलं चालून गेले, परत आले. "जरा वाढव." क्लिप लावली, चाळीस केला. परत गेले, परत आले. "आता पाण्यावर चकाकी मारतीया." छत्तीस. अर्धा तास आम्ही हेच करत होतो. त्यांच्या त्या 'जरा'मध्ये किती आकडे बसतात याचा मला हळूहळू अंदाज यायला लागला. वरच्या टोकाला जरा म्हणजे साठ, खालच्या टोकाला जरा म्हणजे एक. शेवटी ते बत्तिसावरच परत आले, आणि स्टीव्हन्ससाहेबांना न विचारता आले.

डोळ्याचं हे वागणं कोल्हापूरच्या माणसाला सूत्रानं सांगायची गरज नाही. अंबाबाईच्या किरणोत्सवाला जो कुणी गर्दीत उभा राहिला असेल त्याला ते ठाऊक आहे. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि मग जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर, मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग छातीपर्यंत, मग मुखापर्यंत. तेच ऊन त्याच वेळी बाहेर महाद्वार रोडवर भाजीच्या पाट्यांवर पडलेलं असतं आणि तिथं त्याच्याकडं कुणी ढुंकूनही बघत नाही. गाभाऱ्याच्या अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना तेवढाच कवडसा पेटल्यासारखा दिसतो. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात. ती सगळी मिळकत मोठ्या टॉर्चच्या एका दाबात जाते. तात्या 'पयल्यांदा हातातलीच' म्हणाले ते यासाठी. कारखान्यातला टॉर्च पहिल्यांदा मोठा लागतो, कारण तो दुकानात पहिल्यांदा लावला जाणार असतो.

घरी आल्यावर आईनं तिचा टॉर्च पुढं केला. तिची मागणी वेगळी. रात्री उठल्यावर बाबांची झोप मोडायला नको, एवढंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, आमच्या भागात पाणी शिरलं नव्हतं पण लाईट नव्हती, तेव्हा आम्ही एकाच टॉर्चवर पाण्याची भरलेली बाटली उभी करून सगळी खोली उजळत होतो. त्या टॉर्चच्या सगळ्यात खालच्या पायरीलासुद्धा आई म्हणायची, "अजून कमी होत नाही का? कंदील तरी बारीक करता यायचा." कंदिलाची चावी फिरवून वात खाली घेता यायची, अगदी निळ्या कडेपर्यंत. तिच्या हाताला ती सवय होती. विजेवरच्या दिव्यांनी ती मोडून टाकली.

तिच्या टॉर्चमधल्या आठांपैकी सात ७१३५ मी सोल्डर वितळवून उतरवल्या. एकच ठेवली. आता त्याचा जास्तीत जास्त उजेड मूळच्या आठवा भाग झाला. विकायला ठेवला असता तर खोक्यावर काय छापलं असतं कोण जाणे. पण तळाशी जागा झाली. एकच पायरी ठेवली, आकडा आईनं अंधाऱ्या खोलीत बसून निवडला. पाऊल टाकण्यापुरती फरशी दिसते, भिंतीवर काही दिसत नाही. त्या उतरवलेल्या सात चिपा एका डबीत आहेत. आई सोडून बाकी कुणीही विचारतं, "मग आता ह्याचा उपयोग काय?"

तात्यांच्या टॉर्चमध्ये एक निर्णय उरला होता, आणि तो आकड्यांपेक्षा अवघड निघाला. सेल संपत आला की काय करायचं? लिथियमचा सेल तीन व्होल्टच्या फार खाली नेऊ नये, खराब होतो, म्हणून बहुतेक प्रोग्रॅम तिथं टॉर्च बंदच करतात. सेलच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण तात्या त्या वेळी दोन एकर उसाच्या मधोमध असतात. जीवनसाथी मरता मरता तासभर सांगायची, मी चाललेय. हा नवा टॉर्च शेवटपर्यंत तेवढाच ठणठणीत दिसतो आणि मग एकदम डोळे मिटतो. मी त्या ओळी बदलल्या. तीन व्होल्टला दोनदा लुकलुकून एक पायरी खाली, परत तीनला आला की आणखी खाली, आणि चारावर आल्यावर बंद करायचंच नाही. करंट कमी झाला की दमलेला सेल जरा सावरतो, आणि चारावर तो त्यानंतरही बराच वेळ काढतो. सेल कधीतरी मरेल. नवा मिळतो.

स्ट्रोब आणि एसओएस अर्थातच काढून टाकले. त्यावर दादा नाराज होता. टॉर्च त्यानं आणलेला, आणि गवा आला तर लुकलुकणारा उजेड कामाला येईल असं त्याचं म्हणणं. तात्यांना विचारलं, गवा दिसल्यावर तुम्ही काय करता? "बॅटरी इझवायची आन् आल्या वाटंनं माघारी फिरायचं," ते म्हणाले. "त्येला कशाला दाखवायचं, मी कुठं हाय ते?"

दादाला हे पटलेलं नाही. त्यानं स्वतःसाठी तसलाच दुसरा टॉर्च घेतला आणि माझ्याकडं पाठवलाय. चिठ्ठीत लिहिलंय, पहिली पायरी सगळ्यात मोठी, दुसरी पायरी स्ट्रोब, तिसरी नसली तरी चालेल. मी फोनवर आठपट, एक तृतीयांश, गाभारा, सगळं ऐकवून बघितलं. तो म्हणाला, "तुझं सगळं खरं. पण मी मोटरसायकलवरनं जातो, मला लांबचं बघायचं असतं." यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि टॉर्च त्याचा आहे. २५५ आधी टाकला, आता स्ट्रोबचा वेग किती ठेवायचा ते विचारायला त्याला फोन करायचाय.